बंगाली चित्रपटांतील संकलन

कोलकात्याच्या चित्रपटसृष्टीत संकलनाची (एडिटिंगची) कला घडली ती महागड्या कच्च्या फिल्मच्या काटकसरीतून आणि ध्वनीच्या जाणकारीतून. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. थोर बंगाली चित्रपटांतले अनेक कट डोळ्यांआधी कानाला जाणवतात.

पाया न्यू थिएटर्सने घातला. बी. एन. सरकार यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या ‘भाग्यचक्र’मध्ये (१९३५, दिग्दर्शक नितीन बोस) पार्श्वगायन आले. गाणे आधीच ध्वनिमुद्रित होऊ लागल्याने नटाला मायक्रोफोनजवळ खिळून राहावे लागेना आणि एका गाण्यात हवे तितके शॉट जोडता येऊ लागले. येथेच सुबोध मित्र यांच्या हाताखाली हृषिकेश मुखर्जी संकलन शिकले. बिमल रॉय यांच्याबरोबर ते मुंबईत आले आणि ‘दो बिघा जमीन’ (१९५३), ‘मधुमती’ (१९५८) यांचे संकलन त्यांनी केले.

सत्यजित राय यांचे चित्रपट ‘पथेर पांचाली’पासून (१९५५) ‘आगंतुक’पर्यंत (१९९१) दुलाल दत्त यांनी संकलित केले. राय चित्रीकरणाआधीच दृश्ये रेखाटून ठेवत, टेक मोजके घेत. त्यामुळे बराचसा क्रम आधीच ठरलेला असे. उरे ते कात्रीचे काम : सेकंदाला चोवीस चौकटींपैकी नेमक्या कोणत्या चौकटीवर कापायचे. हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणूनच दत्त यांचे नाव रसिकांच्या तोंडी फारसे नसते. हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

‘अपराजितो’मध्ये (१९५६) काशीत हरिहर मरणासन्न आहे. त्याची पत्नी सर्वजया त्याच्या तोंडात गंगाजल घालते, त्याची मान कलंडते आणि तत्क्षणी कबुतरांचा प्रचंड थवा आकाशात उसळतो. रडण्याचा एकही शॉट मध्ये नाही. ‘पथेर पांचाली’त परगावाहून परतलेला हरिहर दुर्गासाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हाती देतो. मुलगी गेल्याचे त्याला ठाऊक नसते. सर्वजया ती साडी तोंडाशी धरून कोसळते, पण तिचा हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावर रविशंकरांच्या संगीतातला पटदीप राग वाजतो. मूळ आवाज काढून टाकण्याचा हा निर्णय कोणत्याही कटाइतकाच संकलनाचा आहे.

दिग्दर्शक ऋत्विक घटक नेमके उलटे करत, दृश्यात नसलेला आवाज घालत. रमेश जोशी यांनी संकलित केलेल्या ‘मेघे ढाका तारा’त (१९६०) नायिका नीताच्या मनावर घाव बसतो तेव्हा चाबकाचा फटका ऐकू येतो, पडद्यावर चाबूक कुठेच नसतो. ‘कोमल गांधार’मध्ये (१९६१) पद्मा नदीच्या काठी, फाळणीने तुटलेल्या रुळांवरून कॅमेरा वेगाने धावतो, ‘दोहाई अली’चा घोष चढत जातो आणि अडसर येताच पडदा काळा होतो. फाळणीवर लिहिलेली पानेच्या पाने जे सांगतात, ते या एका तुटण्यात आहे. साठच्या दशकाच्या मध्यास घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य होते. मणी कौल आणि कुमार शहानी हे तेथील त्यांचे विद्यार्थी.

मृणाल सेन यांनी ‘इंटरव्ह्यू’मध्ये (१९७१) कथेचा सांधा मुद्दाम उघडा ठेवला. ट्राममध्ये उभा असलेला नायक रणजित मल्लिक प्रेक्षकांशीच बोलू लागतो आणि पुढच्या शॉटमध्ये छायालेखक के. के. महाजन कॅमेऱ्यासह दिसतात. सेन यांच्याच ‘अकालेर संधाने’साठी (१९८०) गंगाधर नस्कर यांना, तर ‘खंडहर’ या हिंदी चित्रपटासाठी मृण्मय चक्रवर्ती यांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऋतुपर्ण घोष यांच्या ‘आबहमान’साठी तो अर्घ्यकमल मित्र यांना लाभला.

‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजितो’च्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील आगीत होरपळल्या. पुढे इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा वाचलेला भाग हाताने दुरुस्त करण्यात आला. जे उरले नव्हते ते इतर प्रतींमधून भरून २०१५ मध्ये हे चित्रपट पुन्हा पडद्यावर आले.