रुंद टायर म्हणजे जास्त पकड?

“चिखलात जायचंय? मग रुंद टायर टाक.” ऑफरोडिंगवाल्यांचा, म्हणजे रस्ता सोडून चिखल-वाळूत गाड्या घालणाऱ्यांचा, हा ठरलेला सल्ला. कारण काय, तर टायर रुंद, म्हणून जमिनीला जास्त टेकतो.

तसं होत नाही. किती टेकणार हे मुख्यतः चाकावरचा भार आणि हवेचा दाब ठरवतात. एका चाकावर 400 किलो भार आणि 30 पीएसआय हवा असेल, तर ढोबळ हिशेबाने टायर रुंद असो वा अरुंद, साधारण 190 चौरस सेंटीमीटर टेकतो. रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो, अरुंदचा लांबट होतो, इतकंच. हवा 15 वर आणा, ठसा बराच वाढतो. तोही फुकटात!

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, लाल चिखलाखाली कडक जांभा दगड असतो. तिथे मारुती जिप्सीचा 205 मिमी रुंदीचा, म्हणजे अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो. रुंद टायर वरच्यावर घसरत राहतो. मराठवाड्यातल्या खोल काळ्या रानात मात्र खाली टणक काही लवकर लागत नाही. तिथे आणि वाळूत रुंद टायर, कमी हवेवर, खरंच कामाचा. फक्त डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरून घ्या, नाहीतर टायर तापून फुटायचा.