सृष्टिचिंतन (ख्रिस्ती)

सृष्टिचिंतन : डोंगर, रान, नदी, समुद्रकिनारा किंवा घरामागची वाडी अशा ठिकाणी एकांतात राहून, सभोवतालच्या सृष्टीकडे लक्ष देत तिच्या निर्मात्याची स्तुती करण्याची ख्रिस्ती साधना. तिच्यातून लाभणारा आनंद आणि शांती ही पवित्र आत्म्याची फळे मानली जातात. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (५:२२) प्रीतीच्या पाठोपाठ याच दोहोंची नावे येतात. सृष्टी ही देवाची कृती आहे, देव नव्हे, हा या साधनेचा पाया आहे. झाडापाशी बसलेला साधक झाडाची पूजा करीत नाही. झाडासोबत तो देवाची स्तुती करतो.

बायबलमधील आधार : स्तोत्रसंहितेतील १९ वे आणि १०४ वे स्तोत्र ही या चिंतनाची मूळ प्रार्थना. १०४ व्या स्तोत्रात झरे, रानगाढवे, गंधसरू, करकोचे, सिंह यांची वर्णने येतात आणि माणूस त्यांच्यातलाच एक म्हणून येतो : सूर्य उगवला की सिंह गुहेत परततात आणि माणूस कामासाठी बाहेर पडतो. येशू पहाटे अंधारातच उठून एकांत जागी प्रार्थनेला जात असे (मार्क १:३५). उद्याच्या चिंतेने ग्रासलेल्या श्रोत्यांना त्याने आकाशातली पाखरे आणि रानातील भूकमळे पाहायला सांगितले (मत्तय ६). एलीया संदेष्ट्याची कथाही इथे आठवावी लागते. जिवावर बेतल्यामुळे पळालेला, झुडपाखाली पडून मरण मागणारा एलीया आधी झोपतो, भाकर खातो, पाणी पितो. मग होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर येणाऱ्या मंद वाणीत त्याला देव भेटतो (१ राजे १९). थकलेल्या शरीराला आधी विश्रांती, हा त्यातला क्रम महत्त्वाचा आहे.

प्रारंभीची परंपरा : इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी या चिंतनाला शिस्त दिली. पुस्तकांवाचून दिवस कसे काढता, असे एका तत्त्वज्ञाने विचारले तेव्हा ‘निर्माण केलेली सृष्टी हेच माझे पुस्तक’ अशा आशयाचे उत्तर संत अँथनी (मृत्यू ३५६) यांनी दिल्याचे सांगतात. ही आठवण नोंदवणारे, त्याच वाळवंटातील संन्यासी-लेखक इव्हाग्रिअस (मृत्यू ३९९) यांनी सृष्टीचे चिंतन हा आध्यात्मिक वाटचालीतला स्वतंत्र टप्पा मानला. राग, लोभ, हाव यांच्याशी झगडून मन निवळल्यावरच वस्तूंमागचा देवाचा हेतू दिसू लागतो, असे त्यांचे म्हणणे होते.

असिसीकर संत फ्रान्सिस : या परंपरेचे सर्वांत प्रिय नाव. इटलीच्या उंब्रिया प्रांतातील सुबासिओ डोंगरावरच्या गुहा आणि तोस्कानातील ला वेर्ना हा कडेकपारींचा डोंगर ही त्यांची एकांताची ठिकाणे. मठाच्या बागेत भाजीपाल्याशेजारी थोडी जागा फुलांसाठी राखावी, असे ते आपल्या संघातील बंधूंना (संन्याशांना) सांगत. पाखरांना उपदेश करणारे प्रसन्न संत, एवढीच त्यांची ओळख चित्रांमुळे रुजली आहे. ती मला अपुरी वाटते. त्यांचे सूर्यस्तोत्र सुमारे १२२५ मध्ये असिसीजवळच्या सान दामिआनो येथे रचले गेले. तेव्हा ते अतिशय आजारी होते. नेत्ररोगामुळे त्यांना उजेड सोसत नव्हता आणि ज्या झोपडीत ते पडून होते तिथे उंदरांचा उच्छाद होता. ज्या सूर्याकडे पाहताही येत नव्हते त्याला त्यांनी ‘बंधू’ म्हटले. चंद्र भगिनी, वारा बंधू, पाणी भगिनी, अग्नी बंधू आणि पृथ्वी ही भगिनी व माता. हा आनंद देखाव्यावर अवलंबून नव्हता, हे ध्यानात घेतल्याशिवाय या स्तोत्राचे मोल कळत नाही. पुढे डोळ्यांवरील उपाय म्हणून तापल्या लोखंडाने डाग देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी बंधू अग्नीला सौम्य होण्याची विनंती केली.

याच स्तोत्रात नंतर दोन भर पडल्या. असिसीचे बिशप आणि नगरप्रमुख यांच्यात वैर पेटले असता फ्रान्सिस यांनी क्षमा करणाऱ्यांविषयी एक कडवे जोडले व बंधूंना ते दोघांसमोर गायला पाठवले. समेट झाला. १२२६ मध्ये अंत जवळ आल्यावर ‘भगिनी मृत्यू’चे कडवे आले. सृष्टीशी जुळलेले नाते माणसांमधल्या शांतीपर्यंत पोचते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा क्वचितच मिळेल.

नंतरचा काळ : येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना आकाश व तारे न्याहाळताना मोठे सांत्वन मिळे, त्यांनी आखलेल्या ‘अध्यात्मसाधना’ या चिंतनक्रमाच्या अखेरच्या चिंतनात वनस्पती, पशू आणि माणसे यांच्यात वसणारा देव पाहायचा असतो. प्रॉटेस्टंट परंपरेत धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनी सृष्टीला देवाच्या गौरवाची रंगभूमी म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पर्यावरणविषयक परिपत्रकाचे नाव सूर्यस्तोत्रातील शब्दांवरूनच घेतलेले आहे. अनेक चर्च १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळतात. त्याचा शेवट संत फ्रान्सिस यांच्या सणाला होतो.

प्रत्यक्ष साधना साधी असते. एखादे स्तोत्र सावकाश वाचायचे, मोबाइल बाजूला ठेवून चालायचे किंवा एका जागी बसायचे, दिसेल-ऐकू येईल त्याबद्दल आभार मानायचे, आणि मनात दुःख असेल तर तेही देवापुढे मांडायचे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. त्यामुळे प्रसन्न वाटलेच पाहिजे असा आग्रह या साधनेत धरण्याचे कारण नाही.

महाराष्ट्र आणि गोवा : मराठीत या वृत्तीचा सर्वांत मोठा कवी म्हणजे ‘फुलामुलांचे कवी’ रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). निसर्गाचे वेड त्यांना १८९५ मधील बाप्तिस्म्याआधीपासूनच होते. ख्रिस्तभक्तीने त्याला नवे केंद्र मिळाले. त्यांची भक्तिगीते मराठी चर्चमध्ये आजही ‘उपासना संगीत’मधून गातात. अहमदनगरला त्यांच्या व लक्ष्मीबाईंच्या घरी बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. गोव्यात कोणसाच्या फेस्ताला (कणसांच्या सणाला) भाताची नवी कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. राय या गावचे फेस्त ५ ऑगस्टला असते. मुंबईतील ईस्ट इंडियन हा स्थानिक ख्रिस्ती समाज ऑक्टोबरमध्ये आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने तिथल्या वाड्या, विहिरी आणि भूजल वाचवण्यासाठी दीर्घ लढा दिला.