अँटिव्हायरसवरचा संशय आणि एकविसावा रकाना

संगणक दुरुस्तीच्या दुकानात किंवा कार्यालयातल्या गप्पांत अँटिव्हायरसचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणते, ‘अहो, व्हायरस बनवणारे तेच आणि औषध विकणारेही तेच.’ हे इतक्या खात्रीने सांगितले जाते, की पुरावा मागायचे कोणाला सुचतही नाही. या उद्योगाबद्दल सावध राहण्याची भक्कम कारणे आहेत, असे मला वाटते. पण हे त्यांपैकी नाही, आणि या चुकीच्या संशयाखाली खरी कारणे झाकली जातात, म्हणून हा लेख.

गाजलेल्या अनेक व्हायरसांचे कर्ते आज ठाऊक आहेत. 1986 सालचा ‘ब्रेन’ लाहोरमधील दोन भावांनी लिहिला आणि त्यात चक्क आपली नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांक घातले. 2000 सालचा ‘आय लव्ह यू’ फिलिपिन्समधील एका तरुणाने लिहिला, तर 2004 चा ‘सॅसर’ जर्मनीतील एका किशोरवयीन मुलाने. या मुलाला पुढे एका संगणक सुरक्षा कंपनीनेच नोकरी दिली, तेव्हा लोकांच्या संशयाला खतपाणी मिळाले हे खरे. परंतु नोकरी व्हायरसनंतर मिळाली, आधी नव्हे. पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचा आरंभही याच क्रमाने झाला. कैलाश काटकर यांचा व्यवसाय दुरुस्तीचा. दुकानात येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत, म्हणून त्यांचे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. आज तर घातक सॉफ्टवेअर लिहिणे हा खंडणीखोर टोळ्यांचा स्वतंत्र आणि किफायतशीर धंदा झाला आहे. त्यांना कोणा औषधविक्रेत्याच्या पैशाची गरज उरलेली नाही. ‘अमुक चित्र उघडले तर फोन जळेल, हा संदेश दहा जणांना पाठवा’ असे निरोप पुढे ढकलणे जितके निराधार, तितकाच हा आरोपही निराधार आहे.

खऱ्या तक्रारी वेगळ्या आहेत. 6 मार्च 1992 रोजी जागा होणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ व्हायरसचा फटका 50 लाखांपर्यंत संगणकांना बसू शकेल, असे अँटिव्हायरस विक्रेते जॉन मॅकाफी यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात तो आकडा हजारांच्या घरातच राहिला. भीती विकण्याची ती सवय पुढेही सुटली नाही. अवास्ट या कंपनीने वापरकर्त्यांनी कोणकोणती संकेतस्थळे पाहिली याची माहिती जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. 2020 च्या जानेवारीत हे उघडकीला आल्यावर जंपशॉट बंद करण्यात आली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. राखणदार म्हणून घरात घेतलेल्यानेच घरातल्या गोष्टी बाजारात विकाव्यात, यापरते विश्वास उडण्याचे दुसरे कारण कोणते?

मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कारण तांत्रिक आहे, आणि ते कंपनी कितीही प्रामाणिक असली तरी शिल्लक राहते.

संगणकाचा प्रोसेसर प्रत्येक प्रोग्रॅमला सारखे अधिकार देत नाही. ब्राउझर, खेळ, हिशेबाचे सॉफ्टवेअर हे सर्व कमी अधिकाराच्या पातळीवर चालतात. त्यांनी आपल्या वाट्याबाहेरच्या मेमरीला हात लावला, तर ऑपरेटिंग सिस्टीम तेवढाच प्रोग्रॅम बंद करते आणि बाकीचे काम चालू राहते. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, सर्वोच्च पातळीवर चालतो. तिथे अशी चूक झाली तर ती सावरायला वर कोणीच नसते. मेमरीतील माहितीची आणखी नासाडी होऊ नये म्हणून विंडोज अशा वेळी सगळेच थांबवते आणि पडदा निळा (विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्यांत काळा) होतो.

विंडोजवरील बहुतेक सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक भाग ड्रायव्हरच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला जोडून चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, रूपाने याच कर्नलमध्ये बसतो, आणि त्याला सबळ कारण आहे. कोणत्याही प्रोग्रॅमने फाइल उघडायला मागितली, की ती विनंती कर्नलमधून जाते. तिथे बसलेला ड्रायव्हर ती अडवून, फाइल तपासून, मगच पुढे सोडू शकतो. शिवाय काही घातक सॉफ्टवेअर स्वतःच कर्नलमध्ये शिरून आपल्या फाइली दृष्टिआड करते. त्याला शोधायचे तर शोधणाऱ्यालाही तिथेच जावे लागते, आणि संगणक सुरू होताना त्याच्या आधी पोचावे लागते.

आता दुसरी अडचण. ‘शंभर टक्के संरक्षण’ हे जाहिरातीतले वाक्य गणिताच्या दृष्टीने अशक्य आहे, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी 1980 च्या दशकातच सिद्ध केले. व्हायरस कोणता आणि साधा प्रोग्रॅम कोणता, हे कधीही न चुकता सांगणारा एक परीक्षक आपल्याकडे आहे असे समजा. मग मी असा प्रोग्रॅम लिहितो, की जो सुरू होताच त्या परीक्षकाला स्वतःविषयीच विचारतो. परीक्षक ‘व्हायरस’ म्हणाला, तर माझा प्रोग्रॅम काहीच न करता थांबतो, म्हणजे तो व्हायरस ठरत नाही. परीक्षक ‘व्हायरस नाही’ म्हणाला, तर तो लगेच स्वतःच्या प्रती पसरवतो, म्हणजे तो व्हायरस ठरतो. परीक्षक काहीही म्हणो, तो चुकतोच; म्हणून असा परीक्षक असू शकत नाही. ‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे’ असे सांगून या सिद्धतेतून सुटका होत नाही.

परिपूर्ण परीक्षक मिळत नाही, म्हणून कंपन्यांना नियमांवर भागवावे लागते आणि नवे हल्ले दिसतील तसे नवे नियम, कधी दिवसातून अनेकदा, जगभर पाठवावे लागतात. अशा घाईने आलेले नियम कर्नलमधला ड्रायव्हर वाचतो, आणि नेमका तिथेच 19 जुलै 2024 रोजी घात झाला.

क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये नियम वाचणारा एक दुभाष्या असतो. संगणकात काही घडले, की त्या घटनेचे तपशील ठरावीक रकान्यांत भरून त्याच्यापुढे ठेवले जातात आणि तो ते नियमांशी ताडून पाहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या एका नव्या नियमप्रकाराच्या व्याख्येत 21 रकाने होते. प्रत्यक्षात तपशील पुरवणारा कोड मात्र 20 च रकाने भरत होता. ही विसंगती काही महिने कोणाच्या लक्षात आली नाही, कारण तोवरच्या सर्व नियमांत एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तो वाचण्याची वेळच येत नव्हती. त्या दिवशी आलेल्या नव्या नियमाने प्रथमच एकविसाव्या रकान्यात काय आहे ते पाहायला सांगितले. नियम पाठवण्यापूर्वी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनेही 21 रकाने भरलेले असतील असे गृहीत धरले होते, म्हणून नियम उत्तीर्ण झाला. दुभाष्या विसाव्या रकान्यापलीकडच्या, आपल्या नसलेल्या मेमरीत वाचायला गेला आणि विंडोज कोसळले. हीच चूक ब्राउझरमध्ये झाली असती, तर फक्त ब्राउझर बंद पडला असता.

त्यातून हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चढत असल्याने, पुन्हा सुरू केलेला संगणक पुन्हा कोसळत होता. भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 ला गेलेली ती नियमांची फाइल कंपनीने 78 मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणकांना बाधा झाली होती, आणि त्यांतील बहुतेकांपुढे कोणीतरी बसून, सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजकेच आवश्यक भाग चालू ठेवून संगणक सुरू करण्याच्या पद्धतीत, जाऊन ती फाइल हाताने पुसावी लागली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यात हल्लेखोर कोणीही नव्हता.

त्या ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टचे प्रमाणपत्र होते, ही बाब मला फार बोलकी वाटते. प्रमाणपत्र ड्रायव्हरच्या कोडला होते; तो कोड रोज जे नियम वाचतो त्यांना नव्हते. ते नियम टप्प्याटप्प्याने, आधी थोड्या संगणकांवर आणि मग सर्वत्र पाठवण्याची पद्धतही त्या फाइलींसाठी तेव्हा नव्हती; ती नंतर आणली गेली.

ॲपलने 2019 पासूनच मॅकमधील सुरक्षा सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर राहून काम करण्याची सोय करून दिली आहे, आणि 2024 नंतर मायक्रोसॉफ्टही त्याच दिशेने वळली आहे. बाहेर बसलेला राखणदार कोसळला तर एकटाच कोसळेल, हा त्यातला मोठा लाभ. मात्र कर्नलमध्ये शिरलेल्या शत्रूला तो सहजतेने दिसेल आणि बंदही पाडता येईल. शिवाय राखणदाराने किती पाहायचे, हे तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी कंपनी ठरवील, आणि विंडोजच्या बाबतीत ती कंपनी स्वतःही सुरक्षा सॉफ्टवेअर विकते.