रुग्णालयीन औषधसूची : खानदेशाच्या संदर्भात

रुग्णालयीन औषधसूची म्हणजे रुग्णालयाने आपल्या रुग्णांसाठी कोणती औषधे ठेवायची, ती कोणत्या स्वरूपात व किती ताकदीची असावीत, ती कोणी लिहून द्यायची आणि कोणत्या आजारात वापरायची, हे विचारपूर्वक ठरवून ठरावीक काळाने तपासले जाणारे दस्तऐवज. भांडारात आज काय शिल्लक आहे याचा हा तक्ता नव्हे. साठा रोज हलतो. सूचीत एक गोळी घालायची किंवा काढायची तर समितीची बैठक लागते. इंडियन फार्माकोपियाशीही तिची गल्लत करू नये. औषध शुद्ध आहे की नाही हे कोणत्या कसोट्यांवर ठरवायचे, ते फार्माकोपिया सांगतो. ते आपल्या रुग्णालयात हवे का, हे औषधसूची सांगते.

सूचीचे काम पाहायचे तर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीशी उभे राहावे. केसपेपरवर चार औषधे लिहिलेली असतात. तीन खिडकीतून मिळतात, चौथ्यासाठी ‘बाहेरून आणा’ असे सांगितले जाते. त्या बाहेरच्या चिठ्ठीसाठी अनेकांना उसने पैसे काढावे लागतात, आणि तेही जमले नाही तर चौथे औषध घेतलेच जात नाही. सूची नीट आखली, डॉक्टरांनी ती पाळली आणि खरेदी तिच्या मागणीप्रमाणे झाली, तर ही चिठ्ठी कमी होते. सूचीचे मोल आधी इथे मोजले पाहिजे. खर्चातली बचत त्यानंतर.

पूर्वपीठिका

लष्करी रुग्णालयांसाठी औषधांची आखीव यादी करण्याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतले, १७७८चे आहे. स्वातंत्र्ययुद्धात औषधांचा तुटवडा असताना विल्यम ब्राउन या वैद्याने ती तयार केली. पुढचा मोठा टप्पा १९७७चा. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली नमुना यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक देशाने आपल्या गरजेप्रमाणे अशी यादी करावी हा विचार रुजला. भारताची राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादी १९९६मध्ये आली. २००३, २०११, २०१५ आणि २०२२ मध्ये तिची फेररचना झाली. २०२२च्या यादीत ३८४ औषधे आहेत. तेव्हा ३४ नवी आली आणि २६ वगळली गेली. आम्लपित्तासाठी घरोघरी परिचित असलेली रॅनिटिडीन वगळलेल्यांपैकी एक. या यादीतील औषधांच्या कमाल किमती औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार ठरतात, म्हणून तिचा परिणाम खासगी मेडिकल दुकानापर्यंत पोहोचतो.

राष्ट्रीय यादीत प्रत्येक औषधापुढे प्राथमिक, द्वितीय, तृतीय असे स्तर दिलेले असतात. खानदेशात ते असे उलगडतात: मोलगी किंवा शिरपूरकडच्या एखाद्या गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र पहिल्या स्तरावर, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये दुसऱ्यावर, आणि धुळे, जळगाव व नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये तिसऱ्यावर. कागदावर ही उतरंड सोपी दिसते. पावसाळ्यात सातपुड्यातला घाटरस्ता बंद पडतो तेव्हा मात्र पहिल्या स्तरावर काय ठेवले होते, यावरच सारे अवलंबून राहते.

समिती आणि तिचे निकष

सूची ठरवणाऱ्या समितीला औषध व उपचार समिती म्हणतात. वेगवेगळ्या विभागांचे डॉक्टर, औषधनिर्माण अधिकारी, परिचारिकांचा प्रतिनिधी, शक्य असेल तिथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि प्रशासनाचा माणूस अशी तिची रचना असते. नवे औषध हवे असणाऱ्या विभागाने लेखी प्रस्ताव द्यायचा असतो: कोणत्या आजारासाठी, आधीच्या औषधाने काय भागत नाही, पुरावा काय, पूर्ण उपचाराचा खर्च किती. इथे ‘पूर्ण उपचाराचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक गोळी स्वस्त पण दिवसातून तीनदा घ्यायची, दुसरी थोडी महाग पण एकदाच घ्यायची, तर तुलना गोळीशी गोळीची करून चालत नाही. प्रस्ताव मांडणाऱ्याने औषध कंपनीशी असलेला आपला संबंध उघड करावा, हा चांगल्या समितीचा दंडक असतो आणि तो कसोशीने पाळला जावा.

सूचीत औषधे मूळ नावाने लिहितात, कंपनीच्या नावाने नव्हे. काही औषधे सर्व डॉक्टर लिहू शकतात, काहींना विशेषज्ञाची सही लागते. सूचीबाहेरचे औषध अपवादाने मागवता येते, पण कारण नोंदवावे लागते. अशा मागण्यांची वही वर्षाअखेर चाळली की सूचीत काय कमी आहे ते कळते. समितीच्या हाताशी याहून प्रामाणिक माहिती क्वचितच असते.

वर्गीकरणाच्या पद्धती

औषधांचे वर्गीकरण एकच एक नसते. प्रश्न बदलला की खण बदलतो.

शरीरातील जागा, उपचार व रासायनिक घडण यांवर आधारलेली जागतिक आरोग्य संघटनेची एटीसी पद्धत सर्वांत व्यापक आहे. तिचे काम ऑस्लो येथील केंद्रातून चालते. तिच्यात १४ मुख्य गट आणि पाच पायऱ्या आहेत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा संकेत ‘ए१०बीए०२’ असा. यातला ‘ए’ पचनसंस्था व चयापचयाचा, ‘ए१०’ मधुमेहाच्या औषधांचा, ‘ए१०बी’ इन्सुलिन सोडून साखर उतरवणाऱ्या औषधांचा, ‘ए१०बीए’ बायग्वानाइड या रासायनिक कुळाचा आणि शेवटचे दोन आकडे खुद्द मेटफॉर्मिनचे. या पद्धतीसोबत प्रत्येक औषधाची एक प्रमाणित दैनिक मात्रा ठरलेली असते. मेटफॉर्मिनची २ ग्रॅम आहे. ती रुग्णाला द्यायची मात्रा नव्हे. दोन तालुक्यांतला किंवा दोन वर्षांतला वापर एकाच मापाने मोजता यावा, एवढ्यासाठी ती आहे.

कायद्याचे वर्गीकरण वेगळे. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ची नियमावली यांत अनुसूची ‘एच’मधील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. २०१४पासून लागू झालेल्या ‘एच१’मध्ये तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनसारखी प्रतिजैविके, क्षयरोगाची काही औषधे आणि सवय लावणारी काही औषधे येतात. दुकानदाराने त्यांची विक्री वेगळ्या वहीत डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांसह नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. ‘एक्स’ अनुसूचीतील केटामाइनसारख्या औषधांना दुहेरी चिठ्ठी लागते. मॉर्फिन, फेंटानिल यांना शिवाय १९८५चा अमली पदार्थविषयक कायदा लागू होतो, म्हणून त्यांचे कपाट कुलूपबंद आणि हिशेब प्रत्येक ॲम्प्यूलचा.

प्रतिजैविकांसाठी २०१७पासून जागतिक आरोग्य संघटनेची तीन गटांची विभागणी आहे. सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची, असे हे गट. ॲमॉक्सिसिलिन पहिल्यात, ॲझिथ्रोमायसिन व सेफ्ट्रिॲक्झोन दुसऱ्यात, कोलिस्टिन व लिनेझोलिड तिसऱ्यात. साध्या सर्दी-खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन लिहिण्याची पद्धत आपल्याकडे किती बोकाळली आहे, हे ठाऊक असलेल्याला ते दुसऱ्या गटात का ठेवले आहे हे समजावून सांगावे लागत नाही.

भांडारासाठी आणखी एक चाळणी असते: प्राणरक्षक, आवश्यक आणि इष्ट. प्राणरक्षक औषध एक दिवसही संपता कामा नये. तिच्या जोडीला खर्चानुसार केलेली प्रतवारी येते, कारण भांडारातील थोडीच औषधे बहुतेक पैसा खातात.

एक औषध जवळून : ॲट्रोपिन

ही सारी वर्गीकरणे एकाच औषधावर लावून पाहावीत. ॲट्रोपिन एटीसी पद्धतीत ‘ए०३बीए०१’ म्हणजे पोटाच्या औषधांत मोडते. डोळ्यांचे थेंब म्हणून त्याचा संकेत ‘एस०१एफए०१’. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते भुलीपूर्वीच्या औषधांत, विषावरील उताऱ्यांत आणि डोळ्यांच्या औषधांत, असे तीन ठिकाणी भेटते. खानदेशात त्याची खरी ओळख दुसऱ्या खणातली आहे. हा कापसाचा मुलूख. खरिपाच्या फवारणीत ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके अंगावर उडतात, श्वासातून जातात आणि घरात ठेवलेला डबा कधी निराशेच्या क्षणी हाती लागतो. रुग्ण येतो तो तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर अशा अवस्थेत.

ॲट्रोपिनचे नेहमीचे ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमचे. शस्त्रक्रियेआधी द्यायचे तर एक पुरते. विषबाधेत प्रौढाला सुरुवात साधारण १.८ ते ३ मिलिग्रॅमने करतात आणि छाती मोकळी होईपर्यंत, नाडी सुधारेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. ३ मिलिग्रॅम म्हणजे पाच ॲम्प्यूल, मग दहा, मग वीस: दहा मिनिटांत पस्तीस ॲम्प्यूल एकाच रुग्णाला. त्यानंतर सलाईनमधून थेंबथेंब चालू ठेवावे लागते ते वेगळेच. गेल्या वर्षीचा सरासरी मासिक खप पाहून मागणीपत्र भरणाऱ्या केंद्रात हा साठा एका रात्रीत संपतो. म्हणून सूचीत ‘ॲट्रोपिन, प्राथमिक स्तर’ एवढी ओळ असून भागत नाही. फवारणीच्या महिन्यांसाठी किमान साठ्याचा आकडा वेगळा लिहिला पाहिजे. सरासरीवर चालणारी खरेदी या जिल्ह्यांना मानवत नाही.

प्रदेशानुरूप सूची

सर्पदंशाची गोष्ट याच जातीची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर भारतात एकच बहुविध प्रतिविष वापरले जाते. ते द्रवरूपात आणि गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात मिळते. द्रवाला २ ते ८ अंश सेल्सिअसची साखळी लागते, भुकटीला तशी लागत नाही. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर विजेचा भरवसा नसतो. तिथल्या केंद्रासाठी भुकटीच निवडावी. ही निवड सूचीतच लिहावी, भांडारपालाच्या मर्जीवर सोडू नये. सुरुवातीलाच आठ ते दहा व्हायल लागतात, आणि मुलांनाही मात्रा मोठ्यांइतकीच असते, कारण साप विष टोचताना वय पाहत नाही. प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनत असल्याने तीव्र ॲलर्जी येऊ शकते. ॲड्रिनॅलिन शेजारी हवेच. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि त्याच्या जोडीला ॲट्रोपिन लागते. ही औषधे सूचीच्या चार वेगवेगळ्या पानांवर असतात, म्हणून चांगल्या सूचीत शेवटी आपत्कालीन पेट्यांची पाने जोडतात: ‘सर्पदंश पेटी’, ‘विषबाधा पेटी’. त्यांत औषधे वर्गाने नव्हे, प्रसंगाने एकत्र येतात. रात्री दोन वाजता एकट्या परिचारिकेला उपयोग होतो तो या पानांचा.

सिकलसेल हा नंदुरबारच्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळणारा आनुवंशिक रक्तदोष. देशव्यापी निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. वेदनेचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया एटीसीमध्ये ‘एल’ म्हणजे कर्करोगाच्या औषधांच्या गटात बसते. निव्वळ वर्गाकडे बघून ते ‘मोठ्या रुग्णालयाचे औषध’ ठरवले, तर पाड्यावरच्या मुलाला दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी यावे लागते. उपचार जिल्हा पातळीवर सुरू करून, रक्ततपासणी वेळच्या वेळी होईल अशी सोय लावून, पुढच्या गोळ्या जवळच्या केंद्रातून देणे शक्य आहे. औषधाचे रूपही पाहावे लागते. सुरुवातीची मात्रा वजनाच्या किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. १६ किलोच्या मुलाला सुमारे २४० मिलिग्रॅम हवे आणि नेहमीची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. ती घरी उघडून अर्धी करणे धोक्याचे, कारण भुकटी हाताळणाऱ्या आईलाही ती अपायकारक आहे. तेव्हा सूचीत ‘हायड्रॉक्सीयुरिया’ एवढाच शब्द अपुरा. कमी ताकदीच्या कॅप्सूलची नोंद स्वतंत्र हवी.

उन्हाळ्याचा विचार प्रतिविषापुरता नाही. इन्सुलिन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन, रेबीजची लस यांना शीतकपाट लागते, तर बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. पत्र्याच्या छताखालचे भांडार ही अट मोडते. समितीने औषध निवडताना ते ठेवणार कुठे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. औषध देताना भाषेचाही प्रश्न येतो. अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या, वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्राची खूण काढून सकाळ-रात्र दाखवतात. जितकी औषधे कमी आणि वेळा सारख्या, तितके हे समजावणे सोपे.

पुरवठा आणि फेररचना

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३पासून निःशुल्क झाले आणि औषधांची मागणी वाढली. साठ्याची नोंद ई-औषधी प्रणालीवर होते. राज्याच्या खरेदीतून औषध वेळेत आले नाही तर स्थानिक खरेदीचा मार्ग असतो, पण त्याला मर्यादा आहेत. मुदत संपत आलेला साठा एका केंद्रातून जास्त खप असलेल्या दुसऱ्या केंद्रात हलवणे हे औषधनिर्माण अधिकाऱ्याचे नित्याचे आणि फारसे कोणाच्या नजरेत न येणारे काम.

सूचीची फेररचना साधारणपणे दरवर्षी व्हावी. सूचीबाहेरच्या मागण्यांची वही, दुष्परिणामांच्या नोंदी, स्थानिक प्रयोगशाळेने दिलेली जंतूंच्या प्रतिकाराची माहिती आणि तुटवड्याचे दिवस ही तिची सामग्री. दुष्परिणामांची नोंद २०१०मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवता येते; डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माण अधिकारी किंवा स्वतः रुग्णही ती पाठवू शकतो. वगळलेल्या औषधाचा उरलेला साठा संपेपर्यंत वापरायचा की लगेच परत करायचा, हे वगळण्याच्या ठरावातच लिहितात: सुरक्षिततेच्या कारणाने वगळले असेल तर त्याच दिवशी वॉर्डांतून उचलतात, अधिक चांगला पर्याय आल्यामुळे वगळले असेल तर संपवतात.