मुंबईचा कर अन् हिंगोलीचा वाटा

“मुंबईनं कमवायचं, बिहारनं खायचं, म्हणून मराठवाडा कोरडा,” हे परभणीच्या टपरीवर हमखास ऐकू येतं. अर्धसत्य आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीने जिंतूरला ट्रॅक्टर विकला, तरी नफ्यावरचा कर मुंबईच्या नावावर दिसतो.

केंद्रीय करांची राज्यांत वाटणी ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२६) वाटपयोग्य केंद्रीय करांतले ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात बिहारला १०.०५८ टक्के, महाराष्ट्राला ६.३१७. सर्वाधिक ४५ टक्के भार दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला; म्हणजे राज्य जितकं गरीब, तितका वाटा मोठा. केंद्र करांवर जादा लावतं ते उपकर-अधिभार मात्र वाटपातच येत नाहीत. बोंब मारायची तर त्यावर मारा.

खरी गोम वेगळीच. आयोग राज्य मोजतो, जिल्हा नाही. मुंबई-पुण्याच्या सरासरीत हिंगोलीही श्रीमंत ठरते! पुढची वाटणी दिल्लीत नव्हे, मंत्रालयात होते. त्या असमतोलावर नजर ठेवणाऱ्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली.