सागवानी कपाटाचं पुन्हा पॉलिश

जुन्या कपाटाचा, शोकेसचा किंवा किचनच्या दारांचा आधीचा थर काढून नव्याने स्टेन (लाकडात मुरणारा रंग) आणि पॉलिश चढवायचं काम. आपल्याकडे हे बहुतेक सागावरच होतं.

पारंपरिक पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवरच्या किड्याचा हा स्राव. कापसाच्या पुरचुंडीने पातळ पातळ हात मारत ती चढवली की त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, पण त्यात फ्रेंच किती यावर वाद आहे. काहीजण १८ व्या शतकातल्या पॅरिसच्या मार्टिन बंधूंकडे बोट दाखवतात, पण त्यांचं व्हार्निश कोपल राळेचं मानलं जातं, त्यामुळे ही पद्धत १९ व्या शतकाच्या सुरुवातीची आणि लंडनमध्ये साधारण १८२० च्या सुमारास रुळलेली, हे मत जास्त पटतं. लाख मात्र भारतातूनच जायची. ही पद्धत मूळ इथलीच म्हणणारे डच प्रवासी लिन्सखोटेनचा दाखला देतात, तो १५८३ मध्ये गोव्यात आला आणि १५९६ च्या प्रवासवर्णनात लाखकामाबद्दल लिहिलं, पण त्यात लाखेची कांडी लेथवर फिरणाऱ्या लाकडाला टेकवून घर्षणाच्या उष्णतेने रंग बसवतात, म्हणजे ते कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांच्या जातीचं काम झालं, कपाटाच्या पॉलिशचं नाही.

स्टेन एकसारखा न बसण्याचं कारण बहुतेक वेळा रंगात नसतंच, लाकूड सगळीकडे सारखं शोषत नाही हे खरं कारण. फळीचं कापलेलं टोक जास्त पितं म्हणून काळं पडतं, जुनं पॉलिश किंवा फेविकॉल राहिलेल्या जागी रंग शिरतच नाही आणि फिकट डाग उठतो, आडवा पॉलिश पेपर मारला असेल तर प्रत्येक ओरखडा स्टेन लावल्यावर दिसतो. म्हणून आधी जुना थर कसला आहे ते बघायचं. आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासला आणि चिकट झालं तर लाख, नाही झालं आणि थिनरने मऊ पडलं तर बहुधा लॅकर (थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश). मग रिमूव्हर लावून खरवडायचं, रेषांच्या दिशेनेच ८०, १२०, १८० नंबरचे, म्हणजे जाड ते बारीक असे पेपर मारायचे, टोकांना त्याहून बारीक पेपर. पाइन, आंबा असल्या लाकडावर आधी अगदी पातळ लाखेचा एक हात दिला की शोषण बरंच सारखं होतं. स्टेन भरपूर लावून जास्तीचा लगेच पुसायचा, आणि एक अख्खं दार मध्ये न थांबता पुरं करायचं, नाहीतर जोडाचा पट्टा राहतो.

मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) अशी नवी पॉलिशं आल्यापासून लाख मागे पडली. साध्या चपडीत मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही, तिथे मेण काढलेली लाखच हवी. भर पावसाळ्यात लाख पॉलिश करू नये, हवेतल्या दमटपणाने ते दुधाळ पडतं. पडलंच तर स्पिरिटने जरासा ओला केलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की पुष्कळदा परत साफ होतं.