बगेट शिळा इतक्या लवकर का होतो?

बगेट म्हणजे फ्रान्समधला लांब, बारीक पाव. फ्रेंच उच्चार ‘बागेत’ असा आहे. पण मराठीत ते वाचलं की माणूस बागेत जाऊन बसतो, म्हणून इथे बगेटच म्हणू. शब्दाचा अर्थ छडी. फ्रान्समध्ये फिरताना सकाळी घेतलेली ही छडी संध्याकाळी चावता चावत नाही, तेव्हा बेकरीवाल्याला बोल लावण्यात अर्थ नसतो.

खेड्यापाड्यांत पूर्वी आंबवलेल्या पिठाच्या विरजणावर फुगवलेले, जाड सालीचे, काही किलोंचे गोल पाव भाजत. ते कित्येक दिवस चालत. लांब पाव ही शहराची चैन. 1838-39च्या सुमारास ऑगस्ट त्सांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि वाफ सोडायची भट्टी तिथे रुळली. (पुढे बेकरी सोडून त्याने व्हिएन्नात वर्तमानपत्र काढलं!) वाफेचं काम पहिल्या काही मिनिटांचं असतं. पृष्ठभाग ओला राहतो, साल लगेच आवळत नाही, पाव पुरता फुगतो, मग वर चकाकी येते. वाफ कमी पडली तर साल आधीच घट्ट होते आणि पाव भलत्याच जागी, बहुधा कुशीला फाटतो.

बेकऱ्यांत रात्री 10 ते पहाटे 4 काम करायला बंदी घालणारा कायदा 1919चा. तेव्हापासून न्याहरीपूर्वी लवकर तयार होणारा बारीक पाव आला, अशी गोष्ट सगळे सांगतात. ती अर्धीच खरी, कारण लांब पाव त्याआधीही होते. बगेट हे नाव मात्र 1920च्या पॅरिस परिसरातल्या नियमात सापडतं: किमान 80 ग्रॅम, कमाल 40 सेंटिमीटर. आजचा साधारण 250 ग्रॅमचा आणि 60 सेंटिमीटरच्या आसपास असतो.

चव बिघडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. यंत्रावर जोरात आणि फार वेळ मळल्याने पिठात हवा मिसळते, पिठाचा पिवळसर रंग उडतो आणि त्याच्याबरोबर वासही. पाव पांढराशुभ्र, फुगीर आणि बेचव झाला. पावाचे फ्रेंच अभ्यासक रेमों काल्व्हेल यांनी हे दाखवून दिलं आणि 1974मध्ये उपाय सुचवला: पीठ-पाणी नुसतं कालवून थोडा वेळ झाकून ठेवा, मग कमी मळा. 1993च्या हुकुमाने ‘त्रादिसिओं’ म्हणजे परंपरागत पावाची व्याख्या ठरली. त्यात गोठवणं नाही, वरून घातलेली रसायनं (ॲडिटिव्ह) नाहीत. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा विरजण, वर बाकला (एक कडधान्य), सोयाबीन किंवा माल्टचं पीठ अगदी थोडं. 1998च्या कायद्यानुसार जिथे पीठ मळून तिथेच पाव भाजतात, त्याच दुकानाला ‘बुलाँजरी’ म्हणजे बेकरी म्हणवता येतं. 2022मध्ये युनेस्कोने बगेटची कला वारशाच्या यादीत घेतली.

एक किलो पिठाला 650 ते 700 मिलि पाणी, 18 ग्रॅम मीठ. 350 ग्रॅमचा उंडा भाजून 250 होतो. ब्लेड तिरकं धरून लांबीच्या दिशेने, एकमेकांवर थोडे चढलेले काप देतात. उभं धरलं तर काप नुसता पसरतो, त्याला उभी कड येत नाही. भट्टीतून काढल्यावर साल तडतडते, जवळ कान नेला तर ऐकू येते.

तेल-लोणी नाही आणि अंग बारीक, म्हणून आतलं पाणी पटकन सालीत येऊन ती चिवट होते, गरातला स्टार्च कडक होतो. फ्रिजमधल्या थंडीत हा स्टार्च आणखी वेगाने कडक होतो, तेव्हा पाव तिथे ठेवू नये. प्लास्टिकच्या पिशवीत साल मऊ पडते, कागदातच बरा. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवर फिरतो, कारण त्याचा पावही ताजाच हवा, पण ती परंपरा पोर्तुगीज.

दुकानात ‘युन त्रादिसिओं, बिअँ क्वीत’ म्हणावं, म्हणजे नीट भाजलेला मिळतो. फिकट घेतला तर तासाभरात साल मऊ. तळाशी ठिपक्यांची जाळी असेल तर पाव छिद्रांच्या पत्र्यावर भाजलेला. दगडी तळावरचा सपाट असतो. पूर्ण नको असेल तर ‘देमी’ म्हणजे अर्धा मागता येतो. उरलाच तर ओल्या हाताने साल पुसून ओव्हनमध्ये 180-200 अंश सेल्सिअसवर पाच मिनिटं. एकदाच, दुसऱ्यांदा तापवला की टोस्टच.